लिंबांचं कापड

११ जानेवारी

महोदया,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं यात दोन कागद फुकट गेले, म्हणून शेवटी हा शब्द घातला. राग मानू नका.

शिवणातली एक अडचण विचारायची होती. फोन केला असता, पण तुमच्या घरचा फोन तुमचे चिरंजीव उचलतात, आणि घटस्फोटाला दोन वर्षं उलटून गेल्यावर मी त्यांच्याशी बाहीबद्दल बोलावं हे काही बरं दिसत नाही.

अडचण अशी आहे. मी हल्ली माझे ड्रेस घरीच शिवते. शिवते म्हणजे एक शिवून झालाय, दुसरा धरलाय. मी जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथे तयार कपडे टिकत नाहीत. मांजरं नखं लावतात, घाबरलेली कुत्री मांडीवरच कार्यक्रम उरकतात, आणि घरी आल्यावर सगळं गरम पाण्यात टाकावं लागतं. त्यात त्या गुळगुळीत तयार कापडाला केस असे चिकटतात की झटकून जात नाहीत. सुती कापडाचं तसं नसतं. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक कापडवाला आहे, तो ठाणातले उरलेले छापील तुकडे ढिगाने विकतो. छाप कुठे सरकलेला असतो, कुठे काठाला रंग पुसट असतो, पण कापड अंगाला छान लागतं. स्वस्त असल्यामुळे कात्री चालवताना भीती वाटत नाही. पहिला ड्रेस निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा केला. मशीन जुनंच घेतलंय, हाताने फिरवायचं.

तर वरच्या फळीवरची फाइल काढायला हात उचलला की अख्खा ड्रेस हाताबरोबर वर चढतो. बाही जिथे बसते तिथे, मुंढ्यात, घट्ट होत असेल असं वाटून मी तो आणखी खोल कापला. तर आता आणखीच वर चढतो. समोर बसलेले लोक आपापल्या जनावराकडे बघायला लागतात.

आमच्या गल्लीत एक शिंपी आहे, त्याला विचारता आलं असतं. पण तो हसतो.

उत्तर आलं तर बरं वाटेल. नाही आलं तरी समजून घेईन.

तुमची पूर्वीची
घाईबाई


२९ जानेवारी

आई,

कार्ड मिळालं. ‘महोदया काय, मी नगरपालिका आहे का? आई म्हणायचं नसेल तर म्हणू नकोस, पण हे नको,’ एवढं वाचून मी काउंटरवर एकटीच हसले, आणि समोरच्या बाईंना वाटलं मी त्यांच्या कासवाला हसले. त्यांची समजूत घालावी लागली. तेव्हा आता ‘आई’च लिहिते. इतकी वर्षं तोंडात बसलेला शब्द, त्याला दुसरा कुठून आणू?

तुम्ही सांगितलंत ते अगदी तसंच निघालं. मुंढा जितका खोल तितका ड्रेस हाताबरोबर उचलला जाणार, आणि घट्ट वाटलं म्हणून कापत सुटायचं नसतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर. आता कापलेलं काही परत येत नाही म्हणून तुम्ही म्हणालात तसा काखेत चौकोनी तुकडा बसवला. एकीकडे दोनदा उसवला. मग आरशासमोर दोन्ही हात वर करून उभी राहिले, पोलिसांनी पकडल्यासारखी. ड्रेस जागचा हलला नाही.

‘कापड आधी भिजवलं होतंस का? नसशीलच,’ हेही बरोबर. नव्हतं भिजवलं. पहिल्याच धुण्यात घेर घोट्यावरून पोटरीवर आला. दुसऱ्या ड्रेसचं कापड मात्र रात्रभर बादलीत ठेवलं होतं. पाणी चहासारखं झालं. विटकरी रंगावर काळी पानं आहेत, त्यातला विटकरी बराचसा गेला, पण उरलेला रंग जास्त छान दिसतोय. त्याला दोन खोल खिसे केलेत. एकात पेन आणि पावतीपुस्तक, दुसऱ्यात कुत्र्यांना द्यायची बिस्किटं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी खिसे पाहिले आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाकडे पाहून सुस्कारा सोडला.

घरी सगळे बरे असतील. सगळे म्हणजे तुम्ही आणि चिरंजीव. त्यांच्याबद्दल विचारत नाहीये, नुसतं वाक्य पूर्ण केलं.

घाईबाई


२१ फेब्रुवारी

आई,

वर्तमानपत्रावर कापलेली मापं पोचली. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, आणि वर खिशाचा तुकडा. माझी सगळी मापं तुमच्या अजून लक्षात आहेत हे बघून मी थोडा वेळ तो कागद तसाच धरून बसले. फक्त कमरेला मला एक बोट वाढवावं लागलं. दोन बोटं. तुम्हाला खोटं सांगून उपयोग नाही.

माझ्या खोलीत कापड पसरायला जागा नाही. खाट भिंतीला उभी केली की जमीन मोकळी होते, त्यावर चादर अंथरते, चादरीवर कापड, कापडावर तुमचे कागद. टाचण्या लावून झाल्या की मी उठून चहा करते, मग परत येऊन एकदा सगळं बघते आणि मगच कात्री घेते. तुम्ही पाहिलं असतंत तर मला घाईबाई म्हणाला नसतात. या वेळी पिस्त्याच्या रंगावर पांढरी रेघ आहे. रेघा शिवणीवर जुळवताना जीव गेला, पण डाव्या बाजूला जुळल्यात. उजवी बाजू मी काउंटरकडे करून बसते.

एक गोष्ट शिवताना सारखी मनात येते, ती आज लिहूनच टाकते. मी त्या घरातून निघाले तेव्हा तुम्ही मशीनवर बसला होतात. मी बॅग घेऊन दारात थांबले, ‘येते’ म्हणाले. तुम्ही मान वर केली नाहीत. पायही थांबवला नाहीत. जिना उतरून रस्त्यावर आले तरी मशीनचा आवाज येत होता. तुमच्या मुलाचं आणि माझं का संपलं ते मला कळतं. आम्ही धड भांडतसुद्धा नव्हतो. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे राहत होतो, आणि असं किती वर्षं राहणार. पण तुमचं आणि माझं काहीच बिनसलं नव्हतं. मग मशीन का थांबवलं नाहीत?

याचं उत्तर द्यायचं नसेल तर बाहीला चुन्या किती घालायच्या तेवढंच कळवा.

घाईबाई


२४ मार्च

आई,

पत्र मिळालं. अक्षर तुमचं नव्हतं. मी आधी पाकीट उलटून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं आलं की काय. तुमच्या अंगावरून वारं गेलं, पाय सुधारला, उजवा हात सुधारला नाही, हे मला परक्या अक्षरातून कळलं. ‘हे लिहून घेणारी तुझ्या जागी येणारी आहे, जूनमध्ये दोघं सह्या करणार आहेत,’ हेही त्याच अक्षरात, त्याच शाईत.

तब्येतीला जपा. डॉक्टर सांगतील तो व्यायाम करा. चुन्यांचं कळलं.

बाकी ठीक.


९ एप्रिल

आई, आणि हे वाचून दाखवणाऱ्या बाई,

मागचं पत्र मी रागाने लिहिलं होतं. ते पेटीत टाकल्यावर हात घालून परत काढता येतं का तेही पाहिलं. येत नाही, फट अरुंद असते.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं होतंत आणि मी त्याबद्दल अक्षरही लिहिलं नाही. आता लिहिते. तुम्ही सांगितलंत, ‘मशीन थांबवलं असतं तर उठले असते, उठले असते तर तुला जाऊ दिलं नसतं. आणि तुझं जाणं बरोबर होतं.’ मग पुढे असं लिहिलंय: ‘त्या दिवशी मशीनला दोराच ओवला नव्हता. थांब, दोऱ्याचं लिहू नकोस, असं आई म्हणाल्या.’

बाई, हे वाक्य गाळलं नाहीत याबद्दल तुमचे आभार मानते. आई सांगतात ते सगळंच्या सगळं तुम्ही उतरवून घेता असं दिसतं. औषधाच्या दुकानात काम करता असं कळलं, तिथली सवय असेल.

आई, तुम्ही हे तिच्यासमोर बोललात याचं मला फार आश्चर्य वाटलं. मीच तिच्या जागी असते तर पेन ठेवून उठले असते.

आता तुमच्या ड्रेसबद्दल. बाईंनी वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय की डोक्यावरून घालायचं काहीच तुम्हाला आता घालता येत नाही, हात वर जात नाही. चिरंजीवांनी दुकानातून पुढे बटणं असलेले चार गाऊन आणले. ते तुम्ही घरात घालता, पण मुलाच्या लग्नाला रात्रीच्या कपड्यात येणार नाही म्हणून बसला आहात. मी शिवीन का, असं विचारलंय त्यांनी. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून त्यांचं विचारणं तुमचंच धरते.

शिवते. पण मापं नव्याने हवीत. बाई, ती तुम्हालाच घ्यावी लागतील. डाव्या आणि उजव्या खांद्याचं वेगवेगळं घ्या, कारण अशा दुखण्यात एक खांदा खाली उतरतो. आई चिडतील, टेप ओढतील, ‘दे इकडे’ म्हणतील. देऊ नका.

कापड आपलं साधं छापील सुतीच घेणार. रेशमी वगैरे काही नको असं तुमचं म्हणणं आहेच, ‘मला घालायला दोन माणसं लागतील असं कापड नको.’ तीन तुकडे टाचून पाठवते, त्यातला एक निवडा.

घाईबाई


२ मे

आई,

राखाडीवर बारीक पानं मी तुमच्यासाठी निवडली होती. फिक्या जांभळ्यावरचे ठिपके दुसरी पसंती म्हणून. पिवळ्याधमक लिंबांचा तुकडा नुसता कागद भरायला लावला होता. तुम्ही लिंबं निवडलीत. बाईंनी सगळा संवाद लिहून पाठवलाय: ‘हे म्हणाले, आई, राखाडी शोभेल. आई म्हणाल्या, मग तू घाल.’ हे वाक्य मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी त्या सशाला इंजेक्शन देतानाही हसत होत्या.

तर लिंबं. एका फांदीला तीन तीन लिंबं, खाली दोन पानं. कापड भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली. पुढचा भाग नीट कापला. मागचा भाग कापला तो उलटा. पुढे लिंबं फांदीला लटकलेली आणि पाठीवर तीच लिंबं आकाशाकडे वाढलेली. दोन्ही भाग शेजारी ठेवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिंबाला वर-खाली कोण बघतंय? मी म्हटलं, जी घालणार आहे ती बघेल, आणि लग्नात सगळ्यांना दाखवेलही.

कापडवाल्याकडे गेले तर ढीग उपसूनही लिंबं मिळेनात. त्याने सांगितलं, ठाण संपलं, पुन्हा येईल याची खात्री नाही. मी तिथेच उभी राहिले. जायला पाय निघेना. शेवटी तो कंटाळून आत गेला आणि एका गठ्ठ्याला गुंडाळलेला तुकडा सोडून घेऊन आला. लिंबांचाच. दुसरं कापड खराब होऊ नये म्हणून त्याने तो वरून बांधला होता. एका कडेला उन्हाने पांढरा पडलाय. तो भाग मी पुढच्या पट्टीच्या आत घेतला, बाहेरून दिसणार नाही. आणि उलट्या कापलेल्या भागातून खिसे आणि आतल्या पट्ट्या निघाल्या.

आता ड्रेस कसा केलाय ते सांगते. पुढून गळ्यापासून खालपर्यंत उघडतो. वरून बटणं दिसतात, पण ती नुसती शोभेची, खाली टिचबटणं आहेत, एका हाताने दाबता येतील अशी. उजवा खांदाही उघडतो, गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत. म्हणजे हात उचलायचा नाही, मांडीवर असेल तसा राहू द्यायचा, ड्रेसनेच त्याच्याकडे यायचं. आधी उजवा हात, मग डावा. डावीकडची बाही नेहमीसारखी.

पण उतरलेला खांदा पत्रातून बसवता येत नाही. दोनदा कच्ची टीप घातली, दोनदा काढली. म्हणून दोन आठवड्यांनी, रविवारी मी येते. चिरंजीवांना सांगून ठेवा. ते घरी नसले तरी चालेल.

घाईबाई


१९ मे

आई,

नीट पोचले. येताना माझा स्टॉप चुकला, पुढच्या स्टॉपवर उतरून चालत आले. गाडीत गर्दी होती म्हणून कळलं नाही.

खांद्याची शिवण काल पक्की केली. तुमचा हात बाहीत घालताना मी तो धरला तेव्हा मला वाटलं होतं की हलका लागेल. तो जड होता. एका घरात इतकी वर्षं राहून मी तुमचा हात कधी हातात धरला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही माझ्या कामाकडे इतक्या बारकाईने बघत होतात की बोलायची सोय नव्हती. ‘टाके मोठे घेतेस’ म्हणालात. ते कच्चे टाके होते, आई. पक्के बारीक घेतलेत.

तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा बाहेर काय झालं ते सांगते. हे तुम्हाला बाईच वाचून दाखवणार आहेत. बाई, तुम्ही तेव्हा दुकानात होतात. अडखळू नका, सगळं वाचा.

मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. तुमचे चिरंजीव दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या कानावरचे केस पांढरे झालेत, ते मला चांगले दिसले. ते म्हणाले, आईने आता तुला लग्नाला ये म्हटलं तर. मी म्हटलं, येणार नाहीये, तसं मी त्यांना सकाळीच सांगितलंय. त्यांनी गळणारा नळ घट्ट बंद केला. मग म्हणाले,

“आई तिच्याशी बोलत नाही. लिही म्हणते आणि वाच म्हणते. तेवढंच. बाकी दिवसभर भिंतीकडे तोंड. ती मात्र तुझ्या पत्राची वाट आईपेक्षा जास्त बघते, कारण तेवढा वेळ तरी आई तिच्याकडे तोंड करून बसते.”

मी विचारलं, “म्हणजे मी लिहू नको?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तू कधीच काही म्हणत नाहीस,” मी म्हटलं. “मला तरी वेळेवर म्हणायचं होतंस. तिला तरी म्हण.”

ते ‘हं’ म्हणाले आणि गेले. पण थोड्या वेळाने परत आले आणि मी विसळलेले कप पुसायला लागले. आमचं लग्न होतं तेव्हा त्यांनी हे कधी केलं नव्हतं. बाई, तुम्ही शिकवलं असेल तर छान केलंत.

आई, तिथे आणखी एक पाहिलं. तुमचं मशीन कोपऱ्यात चादरीखाली आहे. चादरीवर औषधाच्या बाटल्या. मी चादर उचलली तर तुम्ही म्हणालात, त्याला हात लावायचा नाही. बाईंना विचारलं, तर त्यांनाही हेच सांगितलंय म्हणाल्या.

मी पत्रं लिहायची थांबवणार नाही. तेवढी मी मोठ्या मनाची नाही. पण तुम्हाला एक सांगते, आणि हे सांगताना मला बरं वाटत नाहीये. मशीनवर तिला बसवा. तुमचा हात चालत नाही, पण तोंड चालतं, आणि मला तुम्ही तोंडानेच शिकवताय, तेही इतक्या लांबून. ती तर समोर आहे. जी बाई बिनरेघी कागदावर इतकं सरळ लिहिते तिला सरळ टीप जमेलच. साध्या उशीच्या अभ्र्यापासून सुरुवात करा. चुकली तर ओरडा. मला ओरडायचात तसं.

माझी जागा तिला द्या असं म्हणत नाहीये. माझी अशी जागा तिथे आता नाहीच, आणि ते ठीक आहे. मशीन मात्र रिकामं आहे.

ड्रेस सोबत पाठवते. घालताना आधी उजवा हात.

घाईबाई


२७ जून

आई,

लग्न नीट पार पडल्याचं कळलं. बाईंचं पत्र चार पानी होतं, त्यातली अडीच पानं ड्रेसची. तुम्ही नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या एकट्या चढलात, काठी चिरंजीवांच्या हातात दिलीत. साक्षीदारांच्या खुर्च्या राखाडी होत्या आणि त्यात तुम्ही लिंबाच्या झाडासारख्या दिसत होतात. बाईंच्या मावशीने विचारलं, हा कुठल्या दुकानातून घेतला? तुम्ही म्हणालात, ‘दुकानातला नाही. घरी शिवलाय.’

हे मी कागद खाली ठेवून परत उचलून वाचलं.

त्या दिवशी मी काय करत होते असं तुम्ही विचारलंत. कामावर होते. एक पोपट आला होता, तो मालकिणीच्या आवाजात खोकत होता, आणि दोघींपैकी आजारी कोण हे ठरवण्यात दुपार गेली. संध्याकाळी नवा ड्रेस कापायला घेतला आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. बाकी काही नाही.

मशीनबद्दल मी लिहिलं होतं, त्याचं उत्तर पत्रात नव्हतं. बाईंनी गाळलं असेल असं वाटत नाही. म्हणजे तुम्हीच काही बोलला नसाल. परत विचारत नाही.

आमच्याकडे डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यासाठी एक ड्रेस मागितलाय, कोटाच्या आत घालायला. त्यांना दोन नाही, चार खिसे हवेत. त्यातला एक कशासाठी ते सांगायला त्या तयार नाहीत.

घाईबाई


१४ सप्टेंबर

आई,

जुलै गेला, ऑगस्ट गेला, तुमच्याकडून काहीच नाही. मी दोन पत्रं टाकली, त्यांनाही उत्तर नाही. मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं की असंच होणार होतं आणि हेच बरोबर आहे. लोकांनाही मी तसंच सांगितलं. लोक म्हणजे डॉक्टरीणबाई.

काल पाकीट आलं. पत्ता कुणा अनोळखी माणसाच्या अक्षरात होता. आतला कागद मी आधी उलटा धरला. अक्षरं बोटाएवढी, काही ओळी वर चढत गेलेल्या, काही खाली घसरलेल्या, एक तर पानाबाहेर. माझ्यासमोर एक गृहस्थ बोका घेऊन उभे होते, त्यांना मी बसायला सांगितलं. बोका ओरडत होता. मी वाचत राहिले.

तुम्ही डाव्या हाताने लिहायला शिकलात. कधी शिकलात, किती दिवस गिरवत होतात, यातलं काही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं: ‘ही टाचण्या पलंगावर सांडते. परवा एक माझ्या पाठीत. सांगितलं तर हसते. टीप घालताना रेडिओ लावते. उसव म्हटलं की तोंड फुगवते. पडद्याची कड केली ती लाटेसारखी. मी लक्ष देते म्हणून बरं, नाहीतर या घराचं काही खरं नाही. हे तिला दाखवलेलं नाही, शेजारणीकडून टाकलंय. तूही बोलू नकोस.’

आई, पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद घडी करून खिशात ठेवला. का ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्हाला ते कळेलच. ती आता त्या घरातली झाली. पाहुण्या बाईच्या टाचण्यांबद्दल कुणी असं लिहीत नाही. मीच तुम्हाला मशीन तिला द्या म्हटलं होतं, आणि तुम्ही दिलंत, तेव्हा आता मला तक्रारीला जागा नाही.

मग बोक्याचं झालं, ते गृहस्थ गेले, आणि मी दुसऱ्यांदा वाचलं. मी त्या घरात होते तेव्हा माझ्या तक्रारी तुम्ही कुणाला तरी लिहीत असणारच. मीही काही कमी नव्हते. कुणाला लिहायचात ते मी विचारत नाही. पण आता डाव्या हाताने, शेजारणीला मध्ये घालून, चोरून, तुम्ही त्या मला लिहिता. तेव्हा माझ्याबद्दल बोलायचात. आता माझ्याशी बोलता.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र खूप हसले.

टाचण्यांच्या बाबतीत मी तिची बाजू घेणार नाही आणि तुमचीही घेणार नाही. रेडिओ चालू राहू दे, पण आवाज लहान करायला सांगा. हे पत्र शेजारणीच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे तुम्हाला निवांत वाचता येईल. तुमचा कागद फारच लवकर संपला. कड लाटेसारखी म्हणजे नक्की कशी झालीय, ती तोंड किती वेळ फुगवते, चिरंजीव अशा वेळी कुठे जाऊन बसतात, हे सगळं नीट लिहा.

तुमची